जुन्या भावाचा बार

रानडुकरं भुईमुगात शिरली होती आणि आमचे थोरले भाऊजी बांधावर उभे राहून बंदुकीच्या दारूचे भाव सांगत होते.

"तीन रुपयांना डबा होता! तीन! शंभर टोप्या दीड रुपयाला. आणि ही बंदूक? पंचावन्न रुपये, वर पट्टा फुकट!"

"अहो, आधी तिचा बार काढा," अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, पदर खोचून पत्रा बडवत ओरडली. "डुकरं काय भाव ऐकायला आलीत?"

बार कशाचा काढणार? त्यांची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू घालायची, चिंध्या कोंबायच्या, गजानं ठासायचं, घोड्याखाली टोपी बसवायची. दारूच संपलेली, तर ठासणार काय, कपाळ? दुकानात डबा चारशेला मिळत होता. भाऊजींकडे पैसे नव्हते असं नाही हो, पण तीनला घेतलेला माणूस चारशे मोजेल तर शपथ! निम्मं रान उकरून झालं होतं. त्यांच्या बांधाला माझा बांध, त्यामुळे माझाही जीव टांगणीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांना पुढं घालून दुकानात नेलं. दुकानदाराला सगळे चिमटीशेठ म्हणतात, कारण तागडीत जास्त पडलेली दारू तो चिमटीनं परत काढून घेतो. भाऊजींनी जाताक्षणी जुन्या भावांचं रडगाणं लावलं. शेठनं निवांत ऐकून घेतलं आणि काउंटरवर डबा ठेवला.

"काका, न्या. तीन रुपयांना. फक्त त्या साली शेंगांचा जो भाव होता, त्याच भावानं सुगीला एक पोतं मला द्यायचं."

भाऊजींना त्यातलं 'तीन' तेवढं ऐकू आलं. "दिलं!"

मी खोकले. पुन्हा खोकले. पार घसा सुकेपर्यंत खोकले.

"शेठ, हिला पाणी द्या हो," भाऊजी म्हणाले आणि डबा काखेत मारून निघालेसुद्धा.

त्या दिवसापासून रोज दिवस मावळताना नुसता बार निघायचा. धडाम्! डुकरं शेपट्या वर करून पळत सुटायची आणि भाऊजी धुरात उभे राहून "तीन रुपये!" म्हणायचे. एकदा अक्कानं सहज विचारलं, "तेव्हा शेंगांचा भाव काय होता हो?"

भाऊजींच्या हातातला गज तिथंच थांबला. "बावीस," ते पुटपुटले. "पोत्याला."

आज पोतं तीन हजारांना जातं. अक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं एकटीच हसत बसली होती. मला वाटलं, गेली बाई कामातून.

सुगीला चिमटीशेठ टेम्पो घेऊन आला. हातात रिकामं पोतं, खिशात बावीस रुपये. भाऊजी कडब्याच्या गंजीआड गेले. अक्का मात्र दारात उभी.

"शेंगा कुठायत, काकू?"

"शेतात."

"म्हणजे?"

"बावीसचा भाव उभ्या पिकाचा होता, शेठ. तेव्हा गिऱ्हाईक यायचं, स्वतः वेल उपटायचं, शेंगा तोडायचं आणि पोतं आपल्या डोक्यावरून न्यायचं. तोडून, वाळवून दारात हव्या असतील तर आजचा भाव."

"असं कुठं असतं का?" शेठ चिडला. "काका, तुम्ही सांगा!"

भाऊजी गंजीआडून बाहेर आले. एकदा अक्काकडे बघितलं. "खरंय हो," ते म्हणाले. "आमच्या लग्नाच्या साली मीच उपटल्यात!" खरं-खोटं देव जाणे. मी तेव्हा या घरात आलेच नव्हते.

टेम्पोवाला फिदीफिदी हसायला लागला. मग शेठला माघार कशी घेता येणार? उतरला बिचारा रानात. पाऊस जाऊन पंधरवडा झालेला, माती टणक. ओढलं की वेल हातात आणि शेंगा जमिनीत! बोटं उकरून उकरून लाल झाली. अक्का बांधावर बसून होती. पोत्याबाहेर एखादी शेंग पडली, की चिमटीनं उचलून आपल्या टोपलीत टाकायची. मला हसू आवरेना, मी तोंडात पदर कोंबला.

दुपार झाली तरी पोत्याचा तळ झाकला नव्हता. शेठ कमरेवर हात ठेवून कण्हत उभा राहिला.

"काका, सौदा मोडला! शेंगा तुमच्या तुम्हाला. माझ्या डब्याचे राहिलेले तीनशे सत्त्याण्णव तेवढे टाका."

भाऊजींनी निमूट मोजून दिले. आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दानं घासाघीस केली नाही. शेंगा वाचल्या, त्यांच्याही आणि माझ्याही. मला वाटलं, चला, एकदाची त्यांच्या डोक्यातली खोड गेली.

आठवडाही झाला नसेल. काल बांधावर कुणी वाटसरू बसला होता आणि भाऊजी बंदूक मांडीवर घेऊन मोठा सुस्कारा सोडत त्याला सांगत होते, "काय दिवस होते हो ते! दुकानदार स्वतः रानात येऊन शेंगा उपटायचा!"