इम्तियाजची पट्टी

इकबालनं मारलेला वेल्डिंगचा टाका एवढा देखणा असे, की पुसून घेतल्यावर त्यावरून बोट फिरवत बसावं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत हे बऱ्याच जणांना ठाऊक होतं, आणि तिथंच त्याचं वाटोळं झालं.

त्या दिवसांत नव्या कंपन्यांत वेल्डरची भरती निघाली की परीक्षेला दोन लोखंडी पट्ट्या जोडून दाखवायला सांगत. प्रत्येकाला पडद्याआड वेगळी जागा, तोंडावर काळ्या काचेचं शील्ड. आत कोण बसलंय ते त्याच्या आईलाही ओळखता येऊ नये. मग ज्याचा हात कच्चा, तो आपल्या गोतातला पक्का वेल्डर गाठायचा आणि तो पक्का गडी हळूच त्याच्या जागी बसून पट्टी मारून द्यायचा. याला कोणी लबाडी म्हणत नसे. लग्नात पंगत वाढायला उभं राहावं तसंच हे. नाही म्हणणारा माणसांतून उठला. इकबालनं आजवर चुलतभावांच्या, मावसभावांच्या, शेजाऱ्यांच्या पट्ट्या मारून दिल्या होत्या. बदल्यात मिळाला तो चहा, आणि ‘हात सोन्याचा आहे’ हे वाक्य.

१९७४ साली कॅनडातल्या रेल्वेचे डबे बांधणाऱ्या एका कंपनीचा साहेब चिंचवडला वेल्डर निवडायला आला. परीक्षा पास होणाऱ्याला नोकरीचं पत्र मिळणार होतं. त्या पत्राच्या जोरावर कुशल कामगार म्हणून तिथं कायमचं राहायचा अर्ज करता येत होता, बायकोपोरांसकट. इकबालनं नाव दिलं. त्याची बायको झुलेखा त्याच दिवशी लोकर घेऊन आली आणि मे महिन्यात, तापल्या पत्र्याखाली, घाम पुसत नवऱ्यासाठी स्वेटर विणायला बसली.

“काय गं,” शेजारची छबूबाई म्हणायची, “भट्टीला घालतीस का काय ह्ये?”

झुलेखा हसायची आणि टाके मोजायची. इकबालचे हात लांब होते, त्यामुळे बाह्यांना वेळ लागत होता. दोघांनी खोलीच्या भाड्याविषयी बोलणंसुद्धा सोडलं होतं. इतकी त्यांना खात्री होती.

आणि म्हणतात ना, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. इकबालच्या बहिणीचा, फरीदाचा नवरा इम्तियाज, त्यानंही नाव दिलं. हा इम्तियाज वेल्डर होता तो कागदावर. तीन वर्षांपूर्वी इकबालनंच त्याची पट्टी मारून त्याला कंपनीत चिकटवलं होतं. तिथं त्याचं काम पाहून फोरमननं त्याला स्टोअरमध्ये माल मोजायला बसवलं. बोलायला मात्र असा गोड, की साखरेनं लाजावं.

इकबालची आई ताजुन्निसा जवळच्या पुनावळे गावातली. तिनं लेकाला समोर बसवलं.

“तुझा हात कुटं पळून चाललाय?” ती म्हणाली. “तुझी पट्टी तू मारशीलच. जावयाची बी मारून दे. बहिणीचा संसार हाय रं.”

“अम्मी, ही कॅनडाची परीक्षा आहे. पकडलं तर दोघंही गेलो.”

“आजवर कुनी पकडलंय का?”

कोणीच पकडलं नव्हतं. इकबालला नाही म्हणता आलं नाही. त्याला ते कधी आलंच नव्हतं.

परीक्षा एका प्रशिक्षण शेडमध्ये होती. निम्म्या उमेदवारांची शनिवारी, उरलेल्यांची रविवारी; मात्र कागद तपासायचे म्हणून दोन्ही दिवस सगळ्यांना बोलावलेलं. इम्तियाजची पाळी शनिवारी आली, इकबालची रविवारी. शील्ड ज्यानं त्यानं आपलं आणायचं होतं. इम्तियाजच्या शील्डवर हिरव्या रंगात ७८६ लिहिलेलं होतं. तेवढ्यावरून तो लांबूनही ओळखू येई, म्हणून पडद्याआड अदलाबदल झाली तेव्हा इकबालला तेच डोक्यावर चढवावं लागलं.

त्याची काळी काच तडकलेली होती. कधीतरी पडली असेल. इम्तियाजनं आतून कागदाची चिकटपट्टी लावून ठेवली होती. वापरायचंच नाही ते दुरुस्त कशाला करायचं? ठिणगी पडली, काच तापली आणि ती चिकटपट्टी सुटून खाली आली. फटीतून पांढरा जाळ सरळ इकबालच्या डोळ्यांत शिरला.

टाका मध्ये थांबवायचा नाही, अशी साहेबाची अट होती. थांबला असता तर इम्तियाज नापास. इकबालनं मान तिरकी केली, एक डोळा मिटला, मग दुसरा, आणि पट्टी पुरी केली. मिटल्या डोळ्यांनी मारली तरी त्याचीच ती.

जाळाची बाधा लगेच कळत नाही. दिवेलागणीला त्याच्या डोळ्यांत कोणी वाळू भरल्यासारखं झालं. पापण्या सुजल्या, पाण्याच्या धारा लागल्या. झुलेखानं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. शेवटी वेल्डरच्या घरातलं ठरलेलं औषध झालं: फरीदाचं तान्हं बाळ अंगावर पीत होतं, तिनं वाटीत दूध काढून भावाच्या डोळ्यांत थेंब थेंब सोडलं.

“भाईजान, माझ्यामुळं झालं,” ती रडत म्हणाली.

“सकाळपर्यंत उतरेल,” इकबाल म्हणाला.

उतरलं नाही. रविवारी इम्तियाज त्याचा हात धरून त्याला शेडमध्ये घेऊन गेला. इकबालनं सर्वांत शेवटची पाळी मागून घेतली. तरी डोळे फटीएवढेच उघडत होते. ठिणगी पडली की सगळं पांढरं, मग सगळं काळं. पट्टीवर कुठं गोळे साचले, एका जागी तर आरपार भोक पडलं. एखाद्या शिकाऊ पोरानंही लाजून फेकून दिली असती अशी ती पट्टी त्यानं साहेबापुढं ठेवली.

साहेबाचं बोलणं मराठीत सांगायला शेडचे उस्ताद नानासाहेब होते. इकबालला वेल्डिंगचा होल्डर धरायला त्यांनीच शिकवलेलं.

“साहेब विचारतात,” नानासाहेब म्हणाले, “तुझी परीक्षा आज होती. मग काल डोळे कुठं भाजून घेतलेस?”

खरं सांगावं तर दोघंही बाद, आणि फरीदाच्या संसारावर त्याच्याच हातानं निखारा. तो शब्द शोधत होता, तेवढ्यात शेजारून गोड आवाज आला.

“गॅरेजात सराव करत होता साहेब, शील्ड न लावता,” इम्तियाज म्हणाला. “मी म्हणत होतो, अशी घाई करू नकोस. ऐकलं नाही.”

नानासाहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं मान हलवली. पास झालेल्यांच्या पट्ट्यांतून त्यानं एक उचलली आणि इकबालच्या हातात दिली. इकबालला धड दिसत नव्हतं. त्यानं बोट फिरवलं. मध्यावर टाका केसभर कलला होता, काल मान तिरकी केली होती तिथं.

नानासाहेबांनी ती पट्टी घेऊन अंगठ्यानं चाचपली. मग इकबालकडं पाहिलं. त्यांना तो हात ओळखू आला होता. पण परीक्षेत लबाडी झाली असं कळलं असतं, तर साहेब पुन्हा त्यांच्या शेडची पायरी चढला नसता. त्यांनी पट्टी जागेवर ठेवली.

“साहेब म्हणतात, वेल्डिंग असं असतं. पुन्हा कधी अर्ज केलास तर या माणसाकडून शिकून ये.”

“शिकवीन की साहेब,” इम्तियाज इकबालच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. “घरचाच माणूस आहे.”

इकबालला त्या हाताची किळस आली, आणि तरीही घरी जायला तोच हात धरावा लागला.

थंडी सुरू होता होता इम्तियाजचा कायमचं राहायचा अर्ज मंजूर झाला. निघायच्या आदल्या दिवशी सगळे इकबालच्या खोलीवर जेवायला जमले. जेवणं झाल्यावर ताजुन्निसानं खुंटीवरचा स्वेटर काढला.

“जावयाला दे ह्यो,” ती सुनेला म्हणाली. “तिकडं लई थंडी. इकबालला हितं काय करायचाय?”

झुलेखा जागची हलली नाही. इकबालनं आईच्या हातातून स्वेटर घेतला आणि स्वतः इम्तियाजला दिला. इम्तियाजनं तो चढवला, छाती फुगवून सगळ्यांकडं पाहिलं, मग हात पुढं केले. बोटं बाह्यांत बुडून गेली होती.

“छान आहे, भाभी,” तो म्हणाला. “फक्त बाह्या लांब झाल्यात.”

फरीदानं बाळाच्या अंगावरचं पांघरूण उगाच नीट केलं.

“बाह्या उसवून आखूड कर,” इकबाल बायकोला म्हणाला. “उद्या निघायचंय.”

झुलेखानं सुई घेतली आणि नवऱ्याच्या हातांच्या मापाचे टाके एकेक करून उसवायला बसली.