शाई लागली, थेंब राहिले

मी लसीचा डबा बोलतोय. डबा म्हटलं म्हणून भाजी-भाकरीचा समजू नका. अंगाने निळा, झाकण पांढरं, खांद्याला अडकवायला पट्टा. पोटात चारी बाजूंना बर्फाच्या पट्ट्या आणि मधे पोलिओच्या बाटल्या.

जन्म कुठल्यातरी कारखान्यातला. तो आठवून करायचं काय? मला समज आली ती आरोग्य केंद्रात. बाटलीवर एक गोल असतो, गोलात पांढरा चौकोन. बाटली तापली की चौकोन काळा पडतो आणि लस टाकून द्यावी लागते. बारा वर्षं मी ऊन अंगावर घेतलं. आतला चौकोन एकदाही काळा पडू दिला नाही. बढाई नाही मारत, झालं ते सांगतो.

मला वागवायची प्रांजलीताई, आमच्या वाडीची आशा सेविका. वाडी बोर्ली पंचतनच्या आतल्या अंगाला. भातशेती, आंब्याची चार झाडं, आणि कामाला गेलेली निम्मी माणसं पनवेल-मुंबईकडे. पोलिओच्या रविवारी एसटीच्या थांब्यावर आमचं टेबल लागायचं. ताई थेंब पाजायची. अंगणवाडीची मदतनीस येसूबाई करंगळीच्या नखाला शाई लावायची आणि कागदावर रेघ ओढायची.

नियम असा, की आधी थेंब, मग शाई. पण थेंब जिभेवर पडले की मूल किंचाळतं आणि मुठी आवळतं. ती करंगळी सोडवायला मग दोघं लागतात. म्हणून येसूबाईने आपली रीत पाडली. मूल गप्प आहे तोवर शाई आणि रेघ, थेंब मागाहून. काम भराभर व्हायचं. ताईने ते चालू दिलं. मलाही त्यात वावगं दिसलं नाही.

यंदाच्या रविवारी मनुबाई आली. कडेवर नात, साक्षी, आठ महिन्यांची. पोरीची आई सुचिता पनवेलला कंपनीत. पोर महिनाभर आजी-आजोबांकडे ठेवलेली. जन्मली तेव्हाचे थेंब तिला मिळाले होते, पुढचे सगळे हुकले. आई-बापाने दोनदा खोली बदलली, त्यात राहून गेलं. हे मनुबाईनेच रांगेत सगळ्यांना ऐकवलं.

येसूबाईने साक्षीच्या करंगळीला शाई लावली, रेघ ओढली. ताईच्या हातातली बाटली नेमकी तेव्हा संपली. ती खाली वाकली, माझं झाकण उघडलं. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. दारात उभा राहून मनुबाईचा नवरा रावजी ओरडला, "अगं ये की! बारसं काय तुझ्यासाठी थांबनार हाय?"

"आले, आले! झालं बाई आमचं," म्हणत मनुबाईने शाईचं बोट वर करून दाखवलं आणि धावत गाडीत चढली. मतदानाला शाई लागली की सुटलो, तसंच तिला वाटलं असेल. तिला दिसायलाही कमी.

ताईने नवी बाटली घेऊन मान वर केली तेव्हा पुढ्यात दुसरंच मूल होतं. तिने त्याला थेंब पाजले. येसूबाई मागे कुणाशी तरी भांडत होती. पाहिलं ते फक्त मी.

थांब्याला लागून दयारामची पिठाची गिरण. लहानपणी ताप आला आणि त्याचा उजवा पाय वाळला. तेव्हा वाडीत थेंब पोचले नव्हते. पोलिओच्या दर रविवारी तो काठी टेकत येऊन आमच्या टेबलाजवळ बसतो. त्या संध्याकाळी मनुबाई एसटीतून उतरली तेव्हा त्याने विचारलं, "काय गं मनुवहिनी, तुझी नात सकाळी रडली कशी न्हाय?"

"आमची पोर गुणाची हाय," मनुबाई म्हणाली. "तुझ्यासारखी नाटकी न्हाय."

दयाराम हसला. ताईही हसली. मला जीभ असती तर त्या दिवशी पुरे होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरोघर फिरलो. रावजीच्या ओटीवर पिशवी भरलेली. सुचिता पोरीला न्यायला आली होती, दुपारची गाडी.

"अहो आई, थेंब पाजलेत ना नक्की?" तिने सासूला विचारलं. "मागचे सगळे राहिलेत हिचे."

"मग काय तर! ही बघ शाई."

ताईने करंगळी पाहिली. मग साक्षीच्या तोंडाकडे पाहिलं. दयारामचं बोलणं तिला आठवलं असावं, कारण तिचा हात माझ्या झाकणावर आला. झाकण अर्धं उघडलंही. आत पुरी बाटली होती, थंड, चौकोन पांढराशुभ्र.

"पुन्हा दोन थेंब घालू का? दोनदा घातले तरी काही होत नाही," ताई म्हणाली.

रावजी आतून आला. "म्हंजे आमी खोटं बोलतो व्हय? बोटावर शाई हाय. तुमच्याच बाईने लावलीय. का तुमचाच तुमच्यावर इस्वास न्हाय?"

"तसं नाही हो, आजोबा."

"मग कसं?"

ताईला अजून तीस घरं करायची होती, आणि रावजीचं घर भांडणाला पक्कं. सुचिताने एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे. ताईने माझं झाकण दाबून बसवलं आणि भिंतीवर खडूने पी काढला. पी म्हणजे घरातली सगळी मुलं झाली. एखादं राहिलं असतं तर फुली आली असती, आणि फुलीच्या घरी परत यावं लागतं.

दुपारी पोर गेली.

पुढच्या आठवड्यात माझी बिजागरी तुटली. झाकण बसेना. केंद्रातल्या माणसाने अंगावर 'बाद' लिहिलं आणि कोपऱ्यात ठेवलं. त्याचं मला दुःख नाही. डबा झिजतो. पण थंड राहणं एवढंच मला येत होतं. ते मी त्या दिवशीही चोख केलं, आणि त्याचा त्या पोरीला काडीचा उपयोग झाला नाही.

पनवेलकडे राहणाऱ्या माणसांनो, ऐका. तुमच्या चाळीत आठ-नऊ महिन्यांची साक्षी नावाची पोर राहायला आली असेल. आई कंपनीत जाते, नाव सुचिता. पोरीच्या नखावरची शाई एव्हाना निघून गेली असेल. तिच्या आईला दवाखान्यात जायला सांगा. लसीचं कार्ड नसलं तरी जा म्हणावं. कुणी म्हणालं झालेत, तरी घाला म्हणावं.

झाले नाहीत. मी पाहिलंय.