पूरकाळातील अतुलनीय सेवेबद्दल

माझ्या नवऱ्याला माणसांचे सत्कार करायची खोड आहे. कोणी रिटायर झालं, कर सत्कार. कोणाची अबूधाबीला बदली झाली, कर सत्कार. कोणाच्या मुलाला नव्वद टक्के पडले, बोलाव त्याच्या आईबापांना स्टेजवर. आमच्या मित्रमंडळाचा अध्यक्ष म्हणून मुरलीधरनं दुबईत आजवर इतक्या खांद्यांवर शाली घातल्या आहेत, की या वाळवंटात लोक त्यांचं करतात तरी काय, असा मला प्रश्न पडतो. इतकी वर्षं मी या खोडीला हसत होते. त्या एप्रिलमध्ये माझं हसू संपलं.

तो एप्रिल म्हणजे ज्या एप्रिलला दुबई बुडाली तो. आम्ही राहतो अल मनखूलमध्ये, जुन्या बिल्डिंगमध्ये. खाडी जवळ, समुद्र जवळ, जमीन आधीच खालून ओली. वरून पाणी आलं की ते मुरायला जागाच नाही. ते रॅम्पवरून धो धो आमच्या बेसमेंटमध्ये उतरलं आणि तिथेच बसलं. गाड्या बुडाल्या, त्याचं मला फारसं दुःख नाही, गाडीला इन्शुरन्स असतो. पण त्याच बेसमेंटच्या फरशीत आमच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण आहे. फरशीला लागून, सपाट. आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, गटाराचं झाकण. ही अक्कल कोणाची ते देव जाणे. गटार उलटं वर आलं, दोन दिवस दोन्ही झाकणं त्या काळ्या पाण्याखाली होती. मी जिन्यात उभी राहून माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पाणी उपसल्यावर मॅनेजमेंटची नोटीस लागली: टाकी सीलबंद होती, पाणी सुरक्षित आहे, रहिवाशांनी काळजी करू नये.

सीलबंद म्हणे! त्या झाकणाला एक गंजकं कुलूप होतं. कुलपानं पाणी अडतं हे मला तरी नवीन होतं.

मी मॅनेजर परेशभाईंच्या ऑफिसात गेले. टाकी रिकामी करा, धुवा, पाणी तपासा, आणि झाकण कमरेएवढं वर उचलून बांधा, रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा करा, म्हणजे पुढच्या पावसात हेच पुन्हा होणार नाही. एवढंच माझं म्हणणं. परेशभाई गोड हसले.

"भाभीजी, आप टेन्शन मत लो. पीते तो सब बॉटल का ही हैं ना?"

पितात बाटलीचं. पण तांदूळ कशात धुतात? दात कशानं घासतात? पोरांना आंघोळ कशानं घालतात? यावर त्यांनी "यल्ला, हो जाएगा" म्हटलं आणि फोन कानाला लावला.

मग मी हा विषय मंडळाच्या मीटिंगमध्ये काढला. आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं पुष्कळ. गणपतीत पाचशे माणसांचा महाप्रसाद बिनचूक करणारी ही माणसं. म्हटलं, इथे मोर्चा नसतो, घोषणा नसतात, सह्यांची मोहीम नसते, मान्य. पण सरकारी ॲप आहे, त्यावर प्रत्येक घरानं आपापल्या नावानं एक तक्रार टाकायची. त्यात बेकायदेशीर काही नाही. सगळे चिवड्याकडे बघत होते.

"वहिनी, माझं व्हिसा रिन्यूअल तोंडावर आलंय," रामेश्वर म्हणाला.

"अहो, तक्रार नळाची आहे. तुमच्या व्हिसाचा आणि नळाचा काय संबंध?"

"संबंध नाही. पण उगाच कशाला नजरेत भरा?"

मग खजिनदार सदानंदांनी घसा साफ केला. "हे सगळं गोडीगुलाबीनं व्हायला हवं. एक मेला महाराष्ट्र दिन आहे. परेशभाईंनाच चीफ गेस्ट करू. पुरात त्यांनी पंप लावले, त्याबद्दल शाल-श्रीफळ, एक छान ट्रॉफी. माणूस खूश झाला की मग हळूच टाकीचं काढायचं."

आणि मुरलीचा चेहरा उजळला! मी ओळखते तो उजेड. याला सत्कार दिसला की पुढचं काही दिसत नाही.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी," मी म्हटलं, "टाकीत घाण आणि शाल मॅनेजरला?"

रामेश्वरला वाटलं मी त्याच्याविषयी बोलते आहे. बाकी कोणाला काहीच वाटलं नाही. ठराव पास झाला.

मी त्या कार्यक्रमाला गेले नाही. रिद्धी, आमची अकरावीतली लेक, वेशभूषेसाठी गेली होती. तिनं येऊन सांगितलं. "मम्मा, इट वॉज सो एम्बॅरसिंग. बाबांनी स्टेजवर अनाउन्स केलं की वॉटर इज टोटली सेफ."

"काय?"

"परेश अंकल टोल्ड हिम ऑन द स्टेज. सो बाबा अनाउन्स्ड इट. देन एव्हरीबडी क्लॅप्ड."

मुरली घरी आला तो घामाघूम आणि तृप्त. मी विचारलं, टाकीचं काढलंस का? म्हणाला, काढलं ना, त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की पाणी स्वच्छ आहे. चारचौघांत दिलेला शब्द आहे, अपर्णा. मी ग्रुपवरही टाकलं. खरंच टाकलं होतं त्यानं: "टाकी सुरक्षित असल्याची ग्वाही मा. परेशभाईंनी दिली आहे. अफवांवर विश्वास ठेवू नये. - अध्यक्ष." अफवा म्हणजे मी.

दोन-तीन दिवसांत लिफ्टमध्ये फ्रेम लागली. परेशभाई शाल पांघरून हसतायत, मुरली कमरेत वाकून ट्रॉफी देतोय, आणि ट्रॉफीवरची अक्षरं मोठी करून छापलेली: "पूरकाळातील अतुलनीय सेवेबद्दल." खाली इंग्रजीत लिहिलेलं की आमचे रहिवासी समाधानी आहेत. भाजी आणायला जाताना, कचरा टाकायला जाताना, दर वेळी माझ्याच नवऱ्याचं वाकलेलं ढुंगण मला बघावं लागायचं.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कुलसुम आणि हमीद राहतात. मूळचे राजापूरचे. हमीदचं मीना बाजारात कापडाचं दुकान. कुलसुम जात्याच सावध. राजापूरच्या बाजारपेठेत दर पावसाळ्यात नदी शिरते, ते बघत लहानाची मोठी झालेली बाई. पाणी ओसरलं त्याच दिवशी ती मला म्हणाली होती, "अपर्णाताई, आमच्याकडे पुराचं पाणी विहिरीत गेलं की आधी विहीर उपसतात, मग जेवायला बसतात." तिची इनाया चार वर्षांची. माझं ऐकून ती इनायाला बाटलीच्या पाण्यानं आंघोळ घालायची, एवढंसं पाणी तापवून, अंग पुसल्यासारखं.

महाराष्ट्र दिनानंतर आठवड्यानं इनायाला जुलाब सुरू झाले. मग उलट्या, मग ताप. पोर डोळे उघडेना तेव्हा हमीदनं तिला उचलून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, घाण पाणी पोटात गेलंय का? सलाइन लावलं. त्या एवढ्याशा हाताला सुई लावायला शीर सापडेना, असं कुलसुम मला फोनवर सांगत होती, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. रडू येत नव्हतं. राग येत होता. इतका राग की ओट्यावरचं वाटीभर पीठ मी सिंकमध्ये फेकून दिलं.

त्याच दिवशी मी माझ्या एकटीच्या नावानं तक्रार टाकली. ती आधी मॅनेजमेंटकडे खुलाशाला गेली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. खुलासा आला: तक्रार निराधार, सोबत रहिवाशांनी केलेल्या सत्काराचा फोटो. मी पुन्हा तक्रार टाकली, या वेळी इनायाचे रिपोर्ट हमीदकडून घेऊन जोडले. मग मात्र फोन आला की उद्या इन्स्पेक्टर येतील.

"मुरली, उद्या तू खाली ये आणि खरं काय ते सांग," मी म्हटलं.

"माझाच फोटो आहे त्यात. मी कसं सांगू?"

"बाबा, दॅट्स एक्झॅक्टली व्हाय यू शुड," रिद्धी म्हणाली.

"जूनमध्ये आपलं घराचं कॉन्ट्रॅक्ट आहे. परेशभाईंनी रिन्यू केलं नाही तर तिकडे लांब डिस्कव्हरी गार्डन्सला जाणार आहात का दोघी? मेट्रोनं रोज शाळा?" असं म्हणून तो झोपायला गेला.

सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर मुरली देवासमोर बसलेला. ताम्हनात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम. आणि त्याच्या मांडीशी, धोतराच्या घडीत अर्धी लपवलेली, पाण्याची सीलबंद बाटली. त्यानं ती फोडली आणि देवांवर धार धरली. मी मागे उभी आहे हे त्याला कळलं नाही. मी चहा घेऊन तशीच मागे फिरले.

इन्स्पेक्टर पांढऱ्या पायघोळ अरबी कंदुऱ्यातला तरुण मुलगा होता, हिंदी बऱ्यापैकी बोलणारा. बेसमेंटमध्ये परेशभाईंनी त्याच्यापुढे मोबाइल धरला. "सर, देखिए, कम्युनिटी खुद हमारा सम्मान करती है. ये प्रेसिडेंट साहब. मुरलीभाई, बताइए सर को."

मुरली ऑफिसच्या शर्टात उभा होता. त्यानं घसा साफ केला, स्टेजवर करतो तसा. "ॲक्च्युअली, सर, मॅनेजमेंट अँड रेसिडेंट्स, वी आर लाइक वन फॅमिली..."

तेवढ्यात मागचं लिफ्टचं दार उघडलं आणि कुलसुम बाहेर आली. हॉस्पिटलातून इनायाचे कपडे न्यायला आली होती, मी फोनवर सांगितलं म्हणून खाली उतरली. हातात कपड्यांची पिशवी. तिला बघून मुरली अडखळला, पण थांबला नाही. "...सो देअर इज नो मेजर इश्यू," म्हणाला.

मग माझा तोल गेला.

"सर, एक मिनिट," मी म्हटलं. "हमारे यहां रोज सुबह घर के भगवान को स्नान कराते हैं. इस आदमी से पूछिए, आज सुबह भगवान को किस पानी से नहलाया."

इन्स्पेक्टरला आधी काही कळेना. मुरलीला कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"नल का पानी नहीं लिया इसने. बोतल छुपाकर रखता है. पूछिए क्यों."

"भाभीजी, ये धरम की बातें यहां..." परेशभाई मध्ये पडले.

"चूप बसा हो तुम्ही!" मी मराठीतच ओरडले. बेसमेंटमध्ये आवाज घुमला.

इन्स्पेक्टरनं मुरलीकडे पाहिलं. "क्यों, सर?"

परेशभाई हळूच म्हणाले, "मुरलीभाई, जून का याद है ना?"

"याद है," मुरली म्हणाला. आणि मग, इतक्या बारीक आवाजात की मला पुढे वाकावं लागलं, "क्योंकि नल का पानी गंदा है, सर."

"खलास," इन्स्पेक्टर म्हणाला. "ओपन करो."

झाकण उचलल्याबरोबर जो वास आला तो मी लिहिणार नाही. आम्ही सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. बॅटरीच्या उजेडात पाण्यावर तेलकट तवंग दिसला, भिंतीला गटाराची काळी रेघ, आणि तळाशी चिखल. याच पाण्यावर इतके दिवस अख्खी बिल्डिंग जगत होती. इन्स्पेक्टरनं बाटलीत नमुना भरला, पंप बंद करायला लावला, आणि परेशभाईंना सुनावलं की टाकी धुऊन, झाकण उंच बांधून, रॅम्पला उंचवटा केल्याशिवाय हे पाणी वर चढवायचं नाही. परेशभाई "शुअर सर, शुअर सर" करत होते. मला हवं ते सगळं मिळालं होतं आणि तरी माझा राग तसूभर कमी झाला नव्हता.

कुलसुमनं रुमाल लावला नव्हता. ती टाकीच्या कडेला उभी राहून आत बघत होती.

"मी बाटलीच्या पाण्यानंच घालीत होते आंघोळ," ती म्हणाली. माझ्याशी नाही, मुरलीशी. "तुमचा मेसेज आला तेव्हा बंद केलं. हमीदना म्हटलं, अध्यक्ष लिहितायत म्हणजे खरंच असेल. टब भरून दिला तिला. किती दिवसांनी मिळालं म्हणून खेळत बसली पाण्यात. तोंडात घेऊन गुळण्या करीत होती." तिचा आवाज चढला नाही. "भाईजान, देवाला बाटलीचं पाणी घालीत होतात. आमच्या दारावर एक टकटक नाही करता आली?"

कुलसुम पिशवी छातीशी धरून लिफ्टकडे गेली, तिला हॉस्पिटलात परत जायचं होतं.

मुरली माझ्याकडे बघत राहिला. मी त्याची कीव करावी असं त्याला वाटत असणार. मला कीव आली नाही.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "वर जा. प्रत्येक दार वाजव. मेसेज टाकायचा नाही, तोंडानं सांगायचं."

तो गेला. मी जिन्यानं त्याच्या मागोमाग गेले, कारण माझा विश्वास नव्हता. पहिल्या मजल्यावर त्यानं सदानंदांची बेल दाबली. दार उघडलं.

"नमस्कार सदानंदराव," मुरलीनं सुरुवात केली, "आपणा सर्वांना कळवण्यात येतं की काही तांत्रिक..." आणि थांबला. मी खालच्या पायरीवर उभी होते. त्यानं वळून पाहिलं नाही.

"पाणी खराब आहे," तो म्हणाला. "पोरांना देऊ नका. मला माहीत होतं."

सदानंद दारात तसेच उभे राहिले. मुरली पुढच्या दाराकडे गेला आणि त्यानं बेल दाबली.