राजाच्या खांद्यातले दाणे

कैलाश सोनाराने एकदा सांगितलं की सांगितलं. मोहाडीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि हे सगळ्यांत जास्त कुणाला पटलेलं असेल तर खुद्द कैलाशला. तीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही, हे तो गिऱ्हाइकाला चहाच्याही आधी सांगायचा.

म्हणूनच धनीरामचं नाणं पारखायला तहसील कार्यालयाने त्याला बोलावलं. धनीराम जवळच्या खेड्यातला धानाचा शेतकरी. शेतातल्या बोडीचा, म्हणजे छोट्या तळ्याचा, गाळ उपसताना दहा मजुरांदेखत सोन्याचं नाणं वर आलं. एका बाजूला उभा राजा, दुसऱ्या बाजूला कुणालाही न वाचता येणारी झिजलेली अक्षरं. घरी आलेली लक्ष्मी पूजल्याशिवाय कशी पाठवायची, म्हणून धनीरामने ते अक्षय्य तृतीयेपर्यंत देवघरात ठेवलं. पंधरा दिवस झाले. पूजा आटोपून दुसऱ्याच सकाळी त्याने ते स्वतः नेऊन सरकारजमा केलं.

कैलाशने नाणं कसोटीवर घासलं. कस फिकट. भिंग लावलं, तर राजाच्या खांद्यात तीन पांढरे, कडक दाणे. भिंगावर मोबाइल धरून त्याने फोटो काढला आणि मिशीत हसला. हल्लीचे लबाड सोन्यात इरिडियम या धातूची भुकटी मिसळतात. ती वितळत नाही, असेच पांढरे ठिपके मागे ठेवते. राजाच्या काळी कुठली आली भुकटी? "नवं आहे, नकली आहे," असं त्याने तहसीलदार मॅडमना लिहून दिलं.

गावाने त्याचा अर्थ लगेच लावला. चिखलातून निघालं ते खरं, जमा झालं ते खोटं, म्हणजे मधल्या पंधरा दिवसांत धनीरामने हात मारला. ज्या मजुरांनी नाणं डोळ्यांनी पाहिलं होतं तेही होकारार्थी माना डोलावू लागले. सोमवारी त्याच्यावर गुन्हा दाखल व्हायचा होता.

शनिवारी कुंताबाई दुकानात आली. ती सोनझरी समाजातली. वैनगंगेची रेती लाकडी परातीत धुऊन सोन्याचे कण काढायचं काम तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. ती सोनं आणायची, कैलाश विकत घ्यायचा. आपली हुशारी दाखवायला त्याला माणूस हवंच होतं. त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला.

"हे पाय. लबाडी अशी पकडतेत."

कुंताबाई वाकून बघत राहिली. "याले लबाडी काहून म्हनता, कैलाशभाऊ? हे तं नदीतले दाने आहेत."

"नदीत इरिडियम कुठून येईन वो?"

"नाव मले मालूम नाही. पन माह्या सोन्यातून तुमीच तं दरसाल चिमट्यानं काढून फेकता. कचरा म्हनता न!"

कैलाशने मोबाइल खाली ठेवला. त्याने खण ओढला. तिनेच गेल्या महिन्यात आणलेलं सोनं अजून पुडीत होतं. त्याने ते भिंगाखाली पसरलं आणि शेजारी पूर्वी एका भेसळीत पकडलेली भुकटी ठेवली. भुकटी मैद्यासारखी बारीक, एकसारखी. नदीचे दाणे मात्र चपटे, कडा झिजलेले, एक खसखशीएवढा तर दुसरा त्याच्या निम्मा. फोटोत राजाच्या खांद्यातले तिन्ही दाणे हुबेहूब असेच होते.

म्हणजे हे नदीचंच कच्चं सोनं होतं, म्हणूनच कसही फिकट लागला होता. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी अशाच रेतीत उभं राहून हे सोनं कण कण धुतलं होतं. राजाने त्यावर आपलं चित्र ठोकलं, नाव कोरलं. नाव झिजून गेलं, राजा कोण ते कुणाला सांगता येईना, आणि नदीचे दाणे जिथल्या तिथे होते. तीस वर्षं हेच दाणे आपल्या चिमट्यातून गेले आणि आपण एकदाही त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही, याची त्याला लाज वाटली.

"केवढं नानं हाय?" कुंताबाईने विचारलं. त्याने बोटांनी दाखवलं. ती मनाशी हिशेब करत म्हणाली, "आमा चौघींचा अख्खा हंगाम जाईन एवढ्याले." मग हळूच म्हणाली, "हे जिनं धुतलं ते बाई आमचीच असन."

कैलाशने दोन्ही हात जोडले. तिला की त्या नदीतल्या बाईला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

सोमवारी कार्यालय उघडायच्या आधीच तो दारात हजर होता. बाहेरच्या बाकावर धनीराम आणि त्याची बायको रुखमा बसले होते. कैलाशने नाणं पुन्हा मागून घेतलं. या वेळी त्याने अक्षरांच्या खाचा पाहिल्या. त्यांत माती दगडासारखी घट्ट बसलेली होती. पहिल्या वेळी त्याने तिकडे बघायची तसदीच घेतली नव्हती.

"मॅडम, किती जुनं ते नागपूरचे तज्ज्ञ सांगतील," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "पण हे आजचं नाही. हे नदीचं सोनं आहे. मी चुकलो. मला कुंताबाईने शिकवलं, तिचंही नाव लिहा." आणि त्याने तसं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि गुन्ह्याचा कागद बाजूला सारला.

बाहेर येऊन तो धनीरामपुढे उभा राहिला. माफी मागायचा त्याला सरावच नव्हता.

धनीराम रडत होता. "कैलाशभाऊ, तुमचा शब्द कदी खोटा नसते. म्हनून मीच रुखमाले रोज विचारून राहिलो होतो, तूच तं नाही ना नानं बदललं?"

रुखमा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिने वर पाहिलं नाही.