उत्तरेची भिंत

"अगं, बाळाला त्या चर्चच्या भिंतीशी निजवत जाऊ नकोस, गारठा बाधेल," असं सासूबाई तिच्या कामाच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. तिनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. भर बाजारातल्या जुन्या कॅथलिक चर्चमध्ये पाहुण्यांना माहिती सांगायचं काम मुश्किलीनं मिळालेलं. सासूबाईंचे गुडघे धरलेले, मग बाळाला ठेवणार कुठं?

रोज तेच बोलणं. बोलून बोलून जीभ जड व्हायची. "हे दोन मनोरे पाहा. उजवा ठेंगणा, कारण इथली जमीन दलदलीची. बांधता बांधता तो खचायला लागला आणि गवंड्यांनी हात टेकले." पाहुणे हसायचे. मग टोकदार कमानी, रंगीत काचा आणि शेवटी उत्तरेची भिंत. "ही नुकतीच दुरुस्त केलीय. जुना चुना काढून सिमेंट, वर ऑइलपेंट. कशी आरशासारखी दिसते!" त्याच भिंतीला लागून बाबागाडी उभी असायची.

बाळाचा खोकला काही हटेना. औषधं झाली, वाफ झाली, जागरणानं तिचे डोळे खोल गेले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभर असतं कुठं हे?"

दुसऱ्या दिवशी तिनं बाबागाडी बाजूला ओढली. मागं रंगाला फुगे आले होते. नखानं टोचलं तसं पाणी ओघळलं. आत काळी बुरशी. जमिनीतली ओल चुन्यातून बाहेर पडून वाळून जायची, सिमेंटनं तिची वाटच बंद केली होती. आणि दलदलीची गोष्ट तर ती स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगत होती!

फादर कपाळ चोळत म्हणाले, "खरंय तुमचं. पण आत्ताच तर केलंय, परत उकरायचं म्हणजे..."

भिंतीपलीकडच्या खोलीत घंटा वाजवणारे काका एकटेच राहतात. तिनं वेदीमागचं त्यांचं दार वाजवलं.

"काका, इथून हला हो."

"अगं पोरी, म्हातारा खोकायचाच. खोकलो नाही तर लोक येऊन नाडी बघतील माझी!" हसता हसता त्यांना ठसका लागला, तो थांबेचना.

तिनं काम सोडलं. बाळ घरी हळूहळू सुधारतंय, त्याला सोडून तिचा पाय निघत नाही. म्हणून त्या बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, तुम्हालाही सांगतेय: कमानी नंतर बघा. आधी वेदीमागचं डावं दार वाजवा, काका उठून उघडतायत का, तेवढं बघून या.