फिक्रीच्या शेजारची खुर्ची

एकावन्न वर्षांनी विदादला फिक्री भेटला, तो ट्रामच्या थांब्यावर आणि कागदावर. लग्नाळू मुलाचा काळा सूट, केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरेल, आणि शेजारी एक रिकामी खुर्ची. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘अनुपस्थिती: अलेक्झांड्रियाच्या एका स्टुडिओतले चेहरे. प्रवेश मोफत.’ हातातली मुलुखियाच्या पालेभाजीची जुडी सावरत विदाद बघत राहिली, आणि तिची ट्राम निघून गेली.

ती खुर्ची कधीच रिकामी नव्हती. हे ज्यांना ठाऊक होतं ते सगळे एकेक करून मातीत गेले होते. उरली होती ती एकटी विदाद, कारण त्या खुर्चीवर तीच बसली होती.

त्या काळी विदाद खवागा आन्त्रानिगच्या (परदेशी साहेबाला तिथे खवागा म्हणत) स्टुडिओत निगेटिव्ह दुरुस्त करायची. बारीक सुरीनं आणि टोकदार पेन्सिलीनं लोकांचे मुरुम, सुरकुत्या, दुहेरी हनुवट्या नाहीशा करायच्या, हेच तिचं काम. गावातल्या निम्म्या बायकांना अल्लानं जे दिलं नाही ते विदादनं दिलं होतं. तिचा फिक्रीशी साखरपुडा झाला तेव्हा खवागानं हौसेनं दोघांचा फोटो काढला, ती बसलेली, तो उभा, त्याचा हात तिच्या खांद्यावर. मोठी प्रत करून तो दर्शनी काचेत लावला. चार महिन्यांनी फिक्रीला कुवेतला नोकरी लागली, आणि त्याच्या आईला एकदम साक्षात्कार झाला की पेन्सिल घासणाऱ्या पोरीपेक्षा चुलत मामाची मुलगी बरी, तिच्या नावावर फ्लॅट आहे. साखरपुडा मोडला. अंगठी परत गेली.

फोटो मात्र परत गेला नाही. फिक्रीची आई स्टुडिओत आली आणि म्हणाली, “खवागा, माझा मुलगा काय देखणा आलाय! काचेतून काढू नका हं. फक्त ती मुलगी तेवढी काढून टाका.”

खवागानं कपाळाला हात लावला. “विदाद, मी हे बाहेर पाठवतो. तू यात पडू नकोस.”

“का? बाहेरचा माझं तोंड बिघडवेल,” विदाद म्हणाली.

आणि दोन दिवस खिडकीपाशी बसून तिनं स्वतःला खरवडून काढलं. आधी चेहरा, मग केस, मग निळा फ्रॉक. मागचा काळा पडदा सलग केला, पेन्सिलीनं खुर्चीची पाठ रेखली. काम इतकं सफाईदार झालं की फिक्रीच्या आईनं बासबूसाचं, रव्याच्या गोड वड्यांचं, ताट पाठवलं. विदादनं ते मांजरांना घातलं.

आता तिनं पोस्टरजवळ डोळे नेऊन खुर्ची तपासली. त्या निगेटिव्हची एवढी मोठी प्रत कोणी काढेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मोठ्या प्रतीत सुरीचे ओरखडे दिसतात. कोणीतरी बोट दाखवून म्हणेल, इथे एक बाई होती, टाकलेली. गुरुवारी दुपारी चांगला कोट घालून ती प्रदर्शनाला गेली. आपण पकडले गेलो का, एवढंच तिला बघायचं होतं.

तिथे जैदा नावाची एक बाई लोकांना फोटो समजावून सांगत होती. जैदानं या सगळ्या निगेटिव्ह एका भंगारवाल्याकडून घेतल्या होत्या, आणि अर्थ बहुधा घरून आणले होते. एकच जाकीट घातलेले अकरा पुरुष दाखवून ती म्हणाली, “राजवटीनं माणसं कशी एका साच्यातून काढली, बघा!” साचा खवागाचा होता. स्टुडिओत जाकीट एकच होतं, आणि बारीक माणसाला ते मागून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी घट्ट करत. मिटल्या ओठांची नवरी म्हणजे त्या पिढीतल्या स्त्रियांचं मौन होतं म्हणे. विदादला ती नवरी चांगली आठवत होती. पुढचा दात तुटलेला होता, आणि फोटोचा क्षण सोडला तर तिचं तोंड बंद म्हणून होत नव्हतं. एका विधवेच्या डोळ्यांतल्या न ढळलेल्या अश्रूसमोर दोन मुली हळव्या झाल्या होत्या. तो अश्रू विदादनंच पेन्सिलीनं काढला होता. डोळे जिवंत दिसावेत म्हणून ती सगळ्यांच्याच डोळ्यांत तो काढायची, खाटकाच्यासुद्धा.

शेवटच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंतच्या फोटोत फिक्री उभा होता, जिवंत माणसाएवढा. शेजारी चिठ्ठ्या टोचायची फळी होती, ‘ही खुर्ची पाहून तुम्हाला काय वाटलं?’ विदादनं चष्मा पुसून वाचलं. ‘ही खुर्ची म्हणजे हरलेला देश.’ ‘माझे बाबा.’ ‘आपण सगळेच.’ कोणीतरी नुसतंच लिहिलं होतं, ‘देव.’

ओरखड्यांबद्दल एका शब्दानं कोणी लिहिलं नव्हतं. विदादनं आधी सुटकेचा निःश्वास सोडला. मग तिला राग आला. एवढी माणसं, एवढे डोळे, आणि एकालाही ती दिसू नये? बघायला आली होती पकडली जाण्याच्या भीतीनं, आणि आता कोणी पकडत नाही म्हणून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तांत, तुमचं काय मत?” जैदानं मावशीला विचारावं तशा लाडानं विचारलं.

“या खुर्चीवर एक बाई बसली होती.”

“वा! किती सुंदर! अनुपस्थित स्त्री!”

“अनुपस्थित कुठली गं? बसलेली होती. निळा फ्रॉक घालून.”

“निळा!” जैदानं डोळे मिटले. “म्हणजे समुद्र.”

“म्हणजे फ्रॉक,” विदाद म्हणाली. “सिदनावीच्या गल्लीत शिवलेला. काखेत टोचायचा.”

“तांत, तुम्ही कविता करता का?”

विदादनं नाद सोडला. जैदा पुढच्या घोळक्याकडे वळली आणि फिक्रीच्या हाताकडे बोट करून सांगू लागली, “हा हात बघा, खुर्चीला टेकलेला नाही. चार बोटं वर, अधांतरी. सत्तेला स्पर्श करायला कचरणारा हात!”

विदादनं वर पाहिलं. खरंच, हात अधांतरी होता. खुर्चीची पाठ तिनं होती तेवढीच रेखली होती. ती पाठ चार बोटं उंच केली असती तर हात टेकला असता, काम पक्कं झालं असतं. ती एवढी हुशार कारागीर, पण एवढंच तिच्याकडून झालं नव्हतं. बोटं अजून गोल वळलेली होती, खाली खांदा असल्यासारखी. त्या हातानं तिला सोडलं होतं, पण फोटोत अजून धरून ठेवलं होतं.

“अम साबेत,” नावाची पट्टी वाचून तिनं दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराला ‘काका’ म्हणत हाक मारली, “गुडघे गेले रे माझे. तुझी खुर्ची दे.”

“घ्या, हाज्जा,” तो थोरल्या बाईला म्हणावं तसं अदबीनं म्हणाला. “पण फोटोला लावू नका हं, मला ओरडतील.”

तिनं खुर्ची ओढत नेली आणि भिंतीला पाठ करून बरोबर त्या जागी बसली. पर्स मांडीवर, पाठ ताठ, हनुवटी किंचित वर, खवागा सांगायचा तशी. डाव्या खांद्यावर फिक्रीचा हात आला. अंगाला काही लागलं नाही, तरी तिनं कोटाची सुरकुती झटकून खांदा सारखा केला.

समोर एक मुलगी फोन उंचावून उभी राहिली. पडद्यात डोकावली, उजवीकडे सरकली, डावीकडे सरकली, आणि शेवटी चुकचुकली.

“आजी, जरा उठता का? रिकामी खुर्ची दिसत नाहीये.”

“मागच्या वेळी सांगितलं तेव्हा उठले होते, बाळ,” विदाद म्हणाली. “आता नाही उठायची. काढ तसाच.”