उरलेला दाणा

लोटनअप्पाने मडक्यावर फडकं टाकलं आणि प्रत्येकाच्या तळहातावर दोन दाणे ठेवले, एक ज्वारीचा, एक उडदाचा.

"ज्वार म्हणजे हां, उडीद म्हणजे नही. येक बी उडीद निंघी गया ते खोली नही. उरेल दाना लगेच चावी टाका. कोनी काय टाकं, ते कोनले कळाले नको."

नंदुरबारात नाल्यापलीकडे या बारा जणांची सोसायटी होती. तुरुंगातून सुटलेला लोटनअप्पा, सुईण फुलवंताबाई, नवऱ्याने टाकलेली रेवाबाई. गावात ज्यांना कुणी ओटाही भाड्याने देईना, त्यांनी एकेक भाग घेऊन चाळ उभारली. भाडेकरू तेच, मालकही तेच. मालकी फार लवकर अंगी लागते. तिसऱ्याच वर्षी त्यांना अर्जदाराला उन्हात उभं करता येऊ लागलं होतं.

आज उन्हात बाज्या होता. महारोग्यांच्या आश्रमातून बरा झाल्याचा दाखला त्याने स्वतःच पुढे केला होता.

बारा जणांतल्या धुडकूने त्याला बघताच ओळखलं होतं. त्याच आश्रमात त्याची खाट बाज्याच्या शेजारी होती. तोही बरा झाला होता. उजव्या हातातली जाणीव मात्र परतली नव्हती. चाळीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. आंघोळीचं पाणी तो कोपराने बघायचा. बाज्याने एकदा नाव घेतलं की आपली खोली गेली, या भीतीने त्याने उडीद टाकायचं ठरवलं होतं.

"आश्रममा आठला, या चाळना, कोनी वळखीना व्हता का?" अप्पाने विचारलं.

बाज्याची नजर बारा तोंडांवरून फिरली. धुडकूवर ती थांबली नाही.

"नही, अप्पा. आठे मी कोनलेच वळखस नही."

धुडकूने मान खाली घातली. मडकं पुढे आलं तेव्हा त्याचा बेत बदलला होता. फडक्याखाली त्याने ज्वारी चाचपली. बोटांना काहीच कळेना.

"दाना टाकी ऱ्हायना का पेरी ऱ्हायना, धुडकूदादा?" फुलवंताबाई म्हणाली. सगळे हसले. घाईत त्याने अंगठ्याजवळचा दाणा सोडला आणि मूठ तोंडाशी नेली.

दाढेखाली गोडसर पीठ फुटलं. ज्वारी.

अप्पाने मडकं ताटात उपडं केलं. अकरा पांढरे, एक काळा.

रेवाबाई हळहळली. मन्हा हात चुकी गया, एवढंच धुडकूला म्हणायचं होतं. पण कसा चुकी गया, हे पुढचा माणूस विचारणारच. धुडकू ताटाकडे बघत राहिला.

बाज्याने दाखल्याची घडी केली, गाठोडं उचललं. जाताना तो धुडकूपाशी क्षणभर वाकला.

"चुल्हाजोडे हात संभाळजो, दादा," तो हळूच म्हणाला.

तो नाला ओलांडून दिसेनासा झाला, तरी धुडकूच्या तोंडातलं पीठ गिळलं जात नव्हतं.